किती आली? : बीड जिल्ह्यातल्या एका प्रशिक्षणाच्या नोंदी

11 जून 2024, मंगळवार

तालुक्याच्या बैठकीत आमच्या विषयाला शेवटची सात मिनिटं मिळाली. टाइप वन डायबेटिस, म्हणजे अंगात इन्सुलिन बनणंच थांबतं तो, असलेल्या मुलांच्या मनावर काय गुजरतं, ते ओळखायला आशाताईंना आणि शिक्षकांना शिकवायचंय, असं मी म्हणते न म्हणते तोच समोरून आलं, "आधी शुगरचं बघा मॅडम, मनाचं नंतर." मागच्या खुर्चीवरून दुसरा प्रश्न, "लहान लेकरांना असते का हो शुगर?"

दुसरा प्रश्न जास्त प्रामाणिक होता. डायबेटिसची सरकारी तपासणी तिशीपासून सुरू होते. आशाताई घरोघरी भरतात तो सीबॅक, म्हणजे आजारांच्या धोक्याचा फॉर्मसुद्धा तिशीपुढच्यांचा. मुलांसाठी आरबीएसकेचं, म्हणजे सरकारी बाल आरोग्य तपासणीचं पथक आहे, पण शाळेत ते वर्षातून एकदा येतं आणि टाइप वन दोन-तीन आठवड्यांत उफाळतो. पथक ऑगस्टमध्ये येऊन गेलं आणि पोर सप्टेंबरात तांब्यामागून तांब्या पाणी प्यायला लागलं, तर दिसणार कुणाला? आशाताईला, अंगणवाडीताईला, वर्गावरच्या गुरुजींना.

परवानगी मिळाली. हॉलही मिळाला. चहा-जेवण आमच्याकडे.

26 जून

यादीत अकरा मुलं. घरभेटी सुरू केल्या. बालाघाटच्या माथ्यावरच्या वस्त्या, दोन ठिकाणी गाडी खाली ठेवून चालत जावं लागलं.

आज दहावीतल्या एका मुलीच्या घरी घडलं ते लिहून ठेवलंच पाहिजे, कारण चूक माझी आहे. आम्ही बसलो, पाणी आलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं वही आणून माझ्यापुढे ठेवली. साखरेच्या नोंदींची वही. 110, 120, 115, 118. महिनाभराचे आकडे, एकाच पेनानं, एका ओळीत, शुद्धलेखनाच्या वहीसारखे. शेजारी ग्लुकोमीटर होता. मी सहज बटण दाबून जुन्या नोंदी मागे मागे पाहत गेले. 340. 58. 412. मधले कित्येक दिवस तपासणीच नाही.

मी म्हणाले, "खोटं लिहिलंस होय?"

एवढंच. आवाजही चढवला नव्हता. मुलगी उठली, आत गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. आई ओशाळून म्हणाली, "दवाखान्यात रागावतात ना ताई, आकडे वाईट आले की. मग ती चांगले लिहिती."

समुपदेशनाची पदवी माझ्याकडे आहे. एकदा नाही, दोनदा शिकले.

2 जुलै

रात्री झोप लागेना म्हणून आधीच्या घरभेटींच्या टिपणांतून एकच गोष्ट काढली : प्रत्येक घरात मुलाला उद्देशून मोठ्यांचं पहिलं वाक्य काय? नऊ घरांपैकी सात घरांत तेच. "किती आली?" शाळेतून आलं, किती आली. झोपून उठलं, किती आली. मामाचा फोन आला, किती आली. त्यात आता आमचीही भर पडली.

मुलांच्या डायबेटिसवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, इस्पॅडच्या, मार्गदर्शक सूचनांत मनाच्या काळजीवर वेगळं प्रकरण आहे. आकड्याला चांगला-वाईट म्हणू नका, आकडा ही फक्त माहिती आहे, हेही तज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आलेत. मी ते वाचलेलं होतं. वाचलेलं जिभेवर यायला वेळ लागतो.

प्रशिक्षणाचा आराखडा बदलला. पहिला दिवस आजाराचा, दुसरा पूर्ण दिवस बोलण्याचा.

15 जुलै

बॅच पुढे ढकलली. निम्म्या ताया वारीच्या वाटेवर आरोग्य ड्युटीला.

30 जुलै, पहिली बॅच, पहिला दिवस

अडतीस जणी. पोहे कमी पडले.

सुरुवातीलाच एका गटप्रवर्तक ताईंनी उभं राहून विचारलं, "या कामाचे किती भेटणार?" हॉलमध्ये हशा. मी खरं सांगितलं, वेगळा मोबदला नाही, फक्त येण्याजाण्याचा खर्च आणि आजचा भत्ता. आशाताईंचं उत्पन्न बरंचसं कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर उभं आहे आणि दर सहा महिन्यांनी कुणीतरी नवं काम त्यांच्या पदरात टाकून जातं, आता आम्हीही. प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.

आजाराची माहिती चित्रांवर सांगितली. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाल्ल्यानं हा आजार होत नाही, आईच्या दुधानं होत नाही, कुणाच्या नजरेनं होत नाही. इन्सुलिन हे या मुलांचं औषध नाही, जेवणाइतकीच गरज आहे. ते थांबलं की काही दिवसांत रक्तात आम्ल साठतं : उलट्या, पोटदुखी, खोल धापा. "सवय लागंल" म्हणून सुई थांबवून कुणी झाडपाल्याच्या पुड्या सुरू केल्या, तर आशाताईनं त्याच दिवशी गाडी बोलवायची.

मग लघवीवर आलो. तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं, आणि शिस्त लागलेलं पोर पुन्हा अंथरुणात ओलं करायला लागणं. या चौथ्या खुणेवर मागच्या रांगेतल्या एका ताईंनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं बाहेर पडवीत त्यांनी सांगितलं. त्यांच्याच वाडीवरचं सहा वर्षांचं लेकरू. अंथरूण ओलं करतं म्हणून आई मारायची. "मीच म्हणले, मोठं झालंय, धाक दाव जरा. मग उलट्या सुरू झाल्या, वाटलं पोटाचं हाय. जिल्ह्याला नेईस्तवर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. त्यांना कुणीच शिकवलेलं नव्हतं, हे मी सांगितलं. ते खरं आहे, पण त्यानं त्यांचं काही हलकं झालं असेल असं मला वाटलं नाही. आमच्या आराखड्यात शिकणाऱ्यांच्या मनासाठी जागाच नव्हती. दुपारचा अर्धा तास सगळं बाजूला ठेवून नुसतं बसलो.

जेवणाच्या वेळी आमच्या सहप्रशिक्षक मुलीनं, वय तेवीस, नऊ वर्षांची असल्यापासून टाइप वन, सगळ्यांसमोर साखर तपासली, बाटली तळहातांत हलकी फिरवली, पोटावर सुई घेतली आणि वरण-भाताचा घास घेतला. पोस्टरपेक्षा हे जास्त कामी आलं. एकीनं विचारलं, "लग्न झालंय?" ती म्हणाली, "बघणं चालू आहे, तुमच्याकडं आहे का कुणी चांगला?" पुढचा तासभर प्रश्न तिलाच.

सिरिंजचा भाग घाईत झाला, पुन्हा घ्यायचा. आपल्याकडच्या बाटल्या बहुतेक 40 च्या, म्हणजे एका मिलिलिटरात 40 युनिट इन्सुलिन, त्यांना लाल टोपीची सिरिंज. दुकानात लाल नसली की केशरी टोपीची, म्हणजे 100 ची, हातात पडते. 40 च्या बाटलीतून केशरी सिरिंजनं 10 च्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात जातं फक्त 4 युनिट. यादीतल्या एका घरात तीन आठवडे हेच चाललेलं होतं आणि पोराला "चोरून गोड खातोस" म्हणून बोलणी बसत होती.

31 जुलै, दुसरा दिवस

"नैराश्य" हा शब्द सकाळीच मेला. फळ्यावर लिहिला, कुणी वहीत उतरवलासुद्धा नाही. मग विचारलं, तुमच्या गावात पोरं काय म्हणतात? "वैताग आलाय." "कट्टाळा आलाय." "जीव विटलाय." "नको झालंय." "डोकं आऊट होतंय." पाच मिनिटांत फळा भरला. डायबेटिसच्या रोजच्या रगाड्यानं माणूस थकतो, त्याला इंग्रजीत लांबलचक नावं आहेत. इथं "जीव विटलाय" पुरतं. आमच्या छापील पत्रकात अजून नैराश्यच आहे, बदलून घ्यायचं.

या ताया कोऱ्या नाहीत. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पाच्या 14 जिल्ह्यांतला बीड हा एक, शेतकरी कुटुंबात ताण कसा विचारायचा हे जुन्या तायांना ठाऊक आहे. एक म्हणाली, "बापाला विचारत होतो, पोराला विचारायचं सुचलंच नाही."

नैराश्य चाचपायची पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली बारा वर्षांपुढच्या मुलांपुरती दाखवली, पण आशाताईंच्या हातात दिली नाही. थकवा, झोप, भूक हे तिच्यातले तीन प्रश्न असे, की साखर वाढलेली असली तरी उत्तर "हो" येतं. गुण वाढतात, मन बरं असतं. उलटंही होतं. आणि नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा. त्याचं उत्तर "हो" आलं तर त्याच दिवशी कुणाला फोन करायचा हे ठरलेलं नसेल, तर तो विचारणं हा गुन्हाच. म्हणून तायांचं काम एवढंच : ऐकायचं, खुणा ओळखायच्या, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सांगायचं, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर घरात भिंतीवर लिहून यायचा.

खुणा : सुई चुकवणं, वहीतले सुबक आकडे, डबा तसाच परत येणं, सहलीला नको म्हणणं. मोठ्या मुलींत वजन उतरावं म्हणून मुद्दाम इन्सुलिन कमी घेणं. हे शेवटचं ऐकून ताया चपापल्या.

दुपारी खेळ. एक ताई मुलगा झाली, दुसरी घरी आलेली आशा. अट एकच, पहिली पाच मिनिटं आकडा विचारायचा नाही. सहापैकी पाच जोड्या पहिल्याच मिनिटात बाद. आशा झालेल्या ताई आत येतात, बसतात, इकडेतिकडे बघतात आणि न राहवून, "मग... किती आली?" मुलगा झालेल्या ताई पटकन म्हणाल्या, "आवं मला तर सासूच आठवली, स्वैपाक झाला का स्वैपाक झाला का!" सहावी जोडी टिकली. तिथली आशा घरात शिरल्या शिरल्या म्हणाली, "ही शेळी तुझी का? नाव काय?" पाचच्या पाच मिनिटं शेळीवर गेली. नंतर मुलगा झालेली म्हणाली, "आता आकडा मीच सांगितला असता."

22 ऑगस्ट

शिक्षकांचं सत्र, तीन तास मागितले होते, दीड मिळाला. एकच गोष्ट धरून बसलो, खिचडीची वेळ. साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. मूल मधल्या सुट्टीच्या हिशेबानं सुई घेतं आणि गॅस संपला, तांदूळ उशिरा शिजला, की खिचडी चाळीस मिनिटं लांबते. इन्सुलिन थांबत नाही. साखर 70 च्या खाली जाते : घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ. गुरुजींना वाटतं पोरगं उद्धट झालंय.

एका शाळेत अशा वेळी मुलाला अंगठे धरून उभं केलं होतं. ते गुरुजी सत्रात होते. त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि मान खाली घातली. बाकीच्यांच्या शंका मिटल्या त्या माझ्या बोलण्यानं नाही, त्यांच्या.

ठरलं : प्रत्येक वर्गाच्या कपाटात साखरेची डबी. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, 108. आणि मुलाला एकट्याला "जा, ऑफिसात बस" म्हणून पाठवायचं नाही.

एका बाईंनी विचारलं, सगळ्या वर्गाला सांगायचं का? मुलाला विचारा, म्हणाले. काहींना सांगितलेलं हवं असतं, काहींना "शुगर फ्री" हे नाव पडायची भीती असते. दोन्ही खरं.

9 ऑक्टोबर

दसरा तीन दिवसांवर. गावागावात कोयत्यांना धार लागतेय, मुकादमांच्या उचली, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, कधीच वाटून झाल्यात. यंदा निवडणुकीमुळे टोळ्या उशिरा हलतील म्हणतात, पण हलतील नक्की. यादीतल्या अकरापैकी चार घरं ऊसतोडीची.

सातवीतला मुलगा. आईबाप सांगलीकडे जाणार, तो आजीजवळ राहणार, जेवण शाळेतल्या हंगामी वसतिगृहात. आजवर सुई आईच द्यायची. आजीला सिरिंजवरच्या रेषा दिसत नाहीत. आई म्हणाली, "याला नेलं तर कोपीत बाटली ठेवू कुठं? लाइट नाही. आन ठेवून गेले तर रात्री उठून कोण बघंल?" ती रोज रात्री दोनला उठून पोराच्या मानेला हात लावते, घाम आलाय का ते बघायला. तीन वर्षं. तिला कुणी विचारलं नाही की बाई, तू झोपतेस कधी. सासरचे म्हणतात आजार हिच्या माहेरचा. आमच्या घरभेटीच्या फॉर्ममध्ये आईसाठी एकही रकाना नव्हता, आज हातानं आखला.

बाटलीचा प्रश्न त्या मानानं सोपा. मोठ्या माठात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, मडक्यात डब्यात बाटली, वरून ओलं फडकं, सावलीत. वापरातली बाटली अशी महिनाभर टिकते. शेजाऱ्यांचा फ्रीज आहे, पण मुलगा तिथं जायला तयार नाही. तिथली पोरं विचारतात.

वसतिगृहाच्या स्वयंपाकीण काकूंना दीड तास शिकवलं. आतापर्यंतच्या सगळ्या प्रशिक्षणार्थ्यांत हुशार. म्हणाल्या, "भाकरी आधी का सुई आधी, एवढं सांगा. बाकी मी बघते."

14 नोव्हेंबर

जागतिक मधुमेह दिन आणि बालदिन एकाच तारखेला, एक इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगच्या जन्माचा, दुसरा नेहरूंच्या. एका शाळेतून फोन होता, यादीतल्या मुलांना व्यासपीठावर बसवून गुलाबाचं फूल देऊ. नको म्हणून सांगितलं. त्याऐवजी सहावी-सातवीच्या वर्गांना टोरोंटोच्या लिओनार्ड थॉम्पसनची गोष्ट सांगितली. चौदा वर्षांचा पोरगा, हाडं मोजून घ्यावीत असा. 11 जानेवारी 1922 ला पहिली सुई, अर्क अशुद्ध, फारसा उपयोग नाही. रसायन जाणणाऱ्या कॉलिपनं दिवसरात्र खपून तो शुद्ध केला, 23 तारखेला पुन्हा टोचलं आणि साखर उतरली. पुढे तो तेरा वर्षं जगला. एकानं विचारलं, "पहिली सुई फेल गेल्यावर त्यो परत तयार कसा झाला?" तयारी कुठून आणणार, दुसरा इलाजच नव्हता, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. खरंच, त्याला कुणी विचारलं होतं का?

दुसरी बॅच डिसेंबरात. सगळ्या ताया मतदानाच्या कामात.

17 डिसेंबर

रात्री साडेअकराला आजीचा फोन. पोराला घाम सुटलाय, बरळतोय. फोनवरच साखरपाणी, पंधरा मिनिटं, तपासणी : 52, मग 91. आशाताई तोवर चालत पोचल्या होत्या. सकाळी कळलं, संध्याकाळी शेतात तीन तास क्रिकेट झालं होतं, खेळानं साखर उतरते, आणि रात्री डोस नेहमीचाच.

ताईंनी मला नंतर सांगितलं, "पोरगं शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणलं माहितीय? आईला सांगू नका." का, तर आई कोयता टाकून येईल, आणि उचल अंगावर आहे. बारा वर्षांचं पोरगं उचलीचा हिशेब करतंय. हे कोणत्या प्रश्नावलीत बसवू?

ताईंनी आईला सांगितलं, पण त्याला विचारून आणि त्याच्यासमोर.

14 जानेवारी 2025

संक्रांत. घरभेटी. तिळगूळ खाऊ का, हा प्रश्न दिवसभरात चार वेळा. खा, मोजून खा, डोस त्या हिशेबात धर. शुगर उतरलेली असताना मात्र लाडू नको, तिळाच्या तेलानं साखर सावकाश चढते, तेव्हा साधी साखरच.

दहावीतली ती मुलगी, सुबक आकड्यांच्या वहीवाली. सात महिन्यांनी पहिल्यांदा समोर बसली. मी आधी माफी मागितली. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही विसरला असाल." मग वही दाखवली. 286 लिहिलं होतं. शेजारी कंसात : पाहुणे आले, सुई घ्यायला जागा नव्हती, मोरीत घेतली.

21 फेब्रुवारी

दहावीचा मराठीचा पेपर. शाळेमार्फत अर्ज दिला होता, केंद्रावर साखरेची पुडी आणि मीटर पारदर्शक पिशवीत नेऊ दिलं. सीबीएसईनं 2017 मध्येच टाइप वनच्या मुलांना परीक्षेत खाणं नेण्याची मुभा दिली होती. इथं मात्र केंद्रप्रमुखांच्या तोंडच्या "हो"वर भागलं. पुडी उघडावी लागली नाही. निबंध कुठला लिहिला ते तिनं सांगितलं नाही.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपत आल्यात. एकीला पंधरा-वीस रुपये पडतात, दिवसाला चार, म्हणजे घराच्या किराण्याएवढे. मागणी पाठवली.

8 एप्रिल

टोळ्या परतू लागल्या. मी सातवीतल्या मुलाच्या घरी होते तेव्हाच ट्रॅक्टर वाडीवर आला. भांडी, बोचकी, एक कोंबडी. बाप ट्रॉलीतून उतरला, पोराला बघितलं आणि तिथूनच ओरडला, "किती आली रं?"

पोरगं म्हणालं, "आधी बसा तरी. पाणी आणतो."

आईनं काही विचारलं नाही. तिनं मानेला हात लावला.

करायचं : लाल टोपीच्या सिरिंज जूनपर्यंत पुरतील एवढ्या. पत्रकातला शब्द अजून बदललेला नाही. आजीचा चष्मा.